पोटावरची पिशवी: ओस्टोमी आणि इंदूरचे बॅगवाले

ओस्टोमी म्हणजे ऑपरेशन करून आतड्याची किंवा लघवीची वाट पोटाच्या कातडीवर आणून सोडणं, आणि बाहेर जे लालबुंद ओलसर तोंड दिसतं तो स्टोमा, ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थच तोंड. मोठ्या आतड्याची ती कोलोस्टोमी, बहुतेक डावीकडे, लहान आतड्याची ती इलिओस्टोमी, बहुतेक उजवीकडे, लघवीची ती युरोस्टोमी. कारणं म्हणजे कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होतात तो आजार), आतडं फाटणं, अपघात वगैरे. स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो म्हणून पिशवी लागते, आणि दुखणं कळवणारी नसही नसते, त्यामुळे हात लावला तर दुखत नाही पण खरचटलं तरी पत्ता लागत नाही. इंदूरच्या मराठी घरांत ओस्टोमी शब्द कुणी वापरत नाही, "पोटाला पिशवी लावलीय" म्हणतात, तेही आवाज खाली आणून.

जागा कुठे करायची हे खरं तर ऑपरेशनच्या आधी पेशंटला उभं करून, बसवून, वाकवून पेनानं खूण करून ठरवायचं असतं, कारण झोपल्यावर सपाट दिसणारं पोट बसल्यावर घडी घालतं आणि घडीत पिशवीची कातडीला चिकटणारी चकती टिकत नाही. आपल्या बायकांचा परकर नाडीनं जिथे बांधला जातो नेमकं तिथेच तोंड आलं तर रोजची कटकट. आमच्या आत्याला हे कुणी विचारलंच नव्हतं, ती मग वर्षभर गाऊनमध्येच राहिली. दुसरा प्रश्न सोवळ्याचा, पिशवी लावून गणपतीपुढे बसायचं की नाही. बॅग नीट चिकटलेली असली तर बाहेर काही येत नाही, वासही नाही, आणि पोटातलं तसंही प्रत्येकाच्या पोटात असतंच की!

खाण्याचं मात्र इंदूरला जरा अवघड आहे. कोलोस्टोमीवाल्याला फारशी बंदी नसते, इलिओस्टोमीवाल्यानं पहिले 6 ते 8 आठवडे जपायचं, पुढे एकेक पदार्थ थोडा थोडा, चावून चावून. पोहे चालतात, पण त्यातले दाणे आणि वरचा कच्चा कांदा सांभाळून. भुट्ट्याचा कीस हा खरा फसवा, किसलेला म्हणून निर्धास्त खातात पण मक्याची साल पचत नाही ती नाहीच, आणि सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभ्यानं घाईत खाल्लं तर तिचा गोळा अडकू शकतो. पिशवी काही तास कोरडी, पोटात कळा आणि वर उलटी असेल तर पोट साफ व्हायचं औषध न घेता सरळ हॉस्पिटल गाठायचं. पातळ जास्त होत असेल तर भात, केळं, साबुदाणा, बटाटा यांनी घट्ट होतं, ताकानं वास कमी होतो. इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर जातं, त्यात मीठही जातं, म्हणून मे महिन्यात नुसतं पाणी ढोसून भागत नाही, ओआरएस हवं.

बाकी बॅगेचं तंत्र हातानंच येतं. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चकतीचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटर मोठं कापायचं, आणि स्टोमा पहिल्या दोन महिन्यांत आक्रसतो म्हणून माप परत परत घ्यायचं. बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा आतडं शांत असतं.

ही चहाच्या आधीची युक्ती सांगतो तो बहुतेक दुसरा पेशंटच. पेशंटनं पेशंटला शिकवणं हे आजचं नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलात 1951 मध्ये पेशंटांनीच एक मंडळ काढलं, क्यू आणि टी या वॉर्डांवरून त्याचं नाव क्यूटी. 1954 मध्ये नॉर्मा गिल नावाच्या बाईंची क्लीव्हलँडला इलिओस्टोमी झाली, त्यांचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी पुढे 1958 मध्ये त्यांनाच दुसऱ्या पेशंटांना शिकवायला कामावर घेतलं आणि स्टोमा थेरपिस्ट हा पेशाच तिथून सुरू झाला. याच टर्नबुलनी कातडी वाचवायला कराया गोंद वापरला, तो ज्या झाडाचा ते कुल्लू आपल्या मध्य प्रदेशच्या जंगलातलं, ही गंमत इथे फार कुणाला माहीत नाही.

इंदूरला हा आधार बहुतेक ओळखीतूनच मिळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला ऑपरेशन झालेले अवंतिका एक्सप्रेसनं ये-जा करतात, वेटिंग हॉलमध्ये कुणी राजवाड्याकडचा, कुणी सुदामानगरचा निघतो, फोन नंबर घेतले जातात. मग एक दिवस कुणी काका घरी येऊन बसतात, चहा पितात, आणि जाताना म्हणतात, "माझ्याही पोटाला आहे, 6 वर्षं झाली, दिसली का?" हे ऐकून जो फरक पडतो तो डॉक्टरच्या समजावण्यानं पडत नाही, असं माझं तरी मत आहे. भेटायला येणारा शक्यतो त्याच प्रकारच्या स्टोमाचा असावा, आणि बाईकडे बाईनंच जावं, लग्न-संसाराचे प्रश्न पुरुषापुढे निघत नाहीत. औषधाचं मात्र त्यानं बोलू नये, स्टोमा काळा किंवा जांभळा पडला तर भेट-गप्पा सोडून लगेच सर्जनकडे.

बॅगा महाग पडतात, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्टोमाचं नाव नाही. म्हणून ज्यांचा स्टोमा तात्पुरता होता आणि परत बंद झाला ते उरलेली न उघडलेली पाकिटं पुढच्याला देऊन टाकतात. फक्त एक्सपायरी बघून घ्यायची, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली असतील तर घ्यायची नाहीत, चिकट थर वितळून गेलेला असतो.