चल्लस-आठ

चल्लस-आठ : पाच गुणिले पाच घरांच्या चौरस पटावर, कवड्या किंवा चिंचोके टाकून खेळला जाणारा शर्यतीचा बैठा खेळ. महाराष्ट्रात तो घरोघर परिचित असून गुजरातेत ‘इष्टो’, कर्नाटकात ‘चौकाबारा’ आणि तेलुगू भाषक प्रदेशात ‘अष्टाचम्मा’ या नावांनी थोड्याफार फरकाने खेळला जातो. सारीपाटासारखा कशिद्याचा पट किंवा बुद्धिबळासारखा कोरीव संच या खेळाला सहसा नसतो. खेळायच्या वेळी फरशीवर खडूने, अंगणात कोळशाने किंवा विटकरीच्या तुकड्याने पट आखायचा आणि डाव संपला की पुसून टाकायचा, अशीच त्याची सर्वसाधारण रीत आहे. यामुळे पट आखणे, दानाची साधने तयार करणे आणि नियम ठरवणे ही तिन्ही कामे खेळणाऱ्यांकडेच येतात, आणि घरच्या घरी पटखेळ रचण्याचा आपल्याकडील सर्वांत रुळलेला नमुना म्हणून या खेळाकडे पाहता येते.

पटाच्या चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यावरच्या घरावर फुली असते. बाजूंवरची चार फुल्यांची घरे ही चार खेळाडूंची घरे होत. तेथे बसलेली सोंगटी मारता येत नाही. प्रत्येक खेळाडूच्या चार सोंगट्या आपल्या घरातून निघून बाहेरची सोळा घरे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ओलांडतात, आपल्या घराच्या अलीकडच्या घरातून आत वळतात, आतली आठ घरे उलट दिशेने फिरतात आणि मधल्या घरात जाऊन पक्क्या होतात. म्हणजे एका सोंगटीला एकूण २४ घरे चालावे लागते. चार चिंचोक्यांपैकी जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितके दान धरतात. चारही पांढरे पडले तर चार (चल्लस) आणि एकही पांढरा नसेल तर आठ. या दोन दानांना पुन्हा टाकण्याचा हक्क मिळतो. फुली नसलेल्या घरात प्रतिस्पर्ध्याची सोंगटी असेल आणि आपली नेमकी तेथे पोचली, तर ती मारली जाऊन तिच्या घरी परत जाते. आपल्या सर्व सोंगट्या आधी पक्क्या करणारा जिंकतो.

उगम : या खेळाचा काळ ठरवणे अवघड आहे आणि त्याविषयीची मते बरीचशी तर्कावर उभी आहेत. चौरस घरांच्या पटाचा उल्लेख भारतात फार जुना आहे. पाली भाषेतील ब्रह्मजालसुत्त या बौद्ध सूत्रात वर्ज्य करमणुकींच्या यादीत अट्ठपद (संस्कृत अष्टापद) आणि दसपद हे दोन पट आले आहेत, आणि ‘ज्याच्या प्रत्येक ओळीत आठ घरे असतात तो’ असा अष्टापदाचा अर्थ पतंजलीच्या महाभाष्यात मिळतो. बुद्धिबळाचे इतिहासकार एच. जे. आर. मरे यांनी आपल्या १९१३ सालच्या ग्रंथात असे मत मांडले, की अष्टापद हा मुळात फाशांवर खेळल्या जाणाऱ्या शर्यतीचा पट असावा आणि भारतातील जुन्या बुद्धिबळाच्या पटांवर काही घरांत ज्या फुल्या आढळतात त्या त्याच्याच खुणा असाव्यात. हे मत पुढे नेऊन पाच, सात आणि नऊ घरांचे फुल्यांचे पट हे अष्टापदाचे वंशज आहेत, असेही सुचवले जाते.

हा वंश मान्य करण्यात एक अडचण आहे, आणि ती पटाच्या रचनेतच आहे. आठ गुणिले आठच्या पटाला मध्यावर एकच एक घर नसते आणि कोणत्याही बाजूचे मधले घरही एकच नसते. चार घरांच्या मिळून बनलेल्या मध्याकडे शर्यत संपवता येते, परंतु चारही खेळाडूंची आरंभस्थाने समान अंतरावर ठेवायची तर घरे एका बाजूला सरकवावी लागतात. विषम घरांच्या पटात मात्र ही गोष्ट आपोआप साधते. पाच घरांच्या पटाची बाहेरची रांग सोळा घरांची असते आणि फुल्यांची घरे एकमेकांपासून बरोबर चार घरे दूर येतात. चार चिंचोक्यांची दोन मानाची दाने चार आणि आठ हीच असल्याने बाहेरच्या रांगेत असेपर्यंत चल्लस पडला की घरातली सोंगटी पुढच्या सुरक्षित घरात आणि आठ पडले की त्याच्या पलीकडच्या सुरक्षित घरात जाऊन बसते. सात घरांच्या पटात हे अंतर सहा होते, आणि काही ठिकाणी त्या पटावर सहा कवड्या टाकून सहा व बारा ही मानाची दाने धरतात. पट आणि दान यांचे हे जुळणे योगायोगाचे मानण्यापेक्षा दोन्ही एकत्र घडले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तसे असल्यास चल्लस-आठचा पट अष्टापदाची लहान आवृत्ती न ठरता चिंचोका किंवा कवडी यांसारख्या दोन बाजूंच्या दानसाधनासाठी बेतलेला स्वतंत्र पट ठरतो. मात्र यावरून त्याचा काळ निघत नाही.

काळाविषयी लेखी आधार विरळ आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सुमारे ११२९) पाशकक्रीडा आणि वराटिकाक्रीडा, म्हणजे अनुक्रमे फाशांचे आणि कवड्यांचे खेळ, यांचे वर्णन आहे. त्यामुळे दख्खनमध्ये बाराव्या शतकात कवड्यांवर दान टाकण्याची पद्धत होती, इतके निश्चित म्हणता येते. अकबराच्या दरबारातील अबुल फज्लच्या आईन-ए-अकबरीत चौपडचे, म्हणजे सारीपाटाच्या खेळाचे, सविस्तर वर्णन आहे, आणि त्याच्याच जोडीला चंदलमंडल या सोळा खेळाडूंच्या व चौसष्ट सोंगट्यांच्या पटाचेही. जुना खेळ मोठा करून नवा बेतण्याची हौस दरबारातही होती, याचा तो दाखला होय. पुढे एकोणिसाव्या शतकात म्हैसूरचे मुम्मडि कृष्णराज वडेयर यांनी तर अनेक नवे पटखेळ स्वतः रचले. वेरूळच्या रामेश्वर लेण्यातील शिव-पार्वतीचे शिल्प कधीकधी या खेळाशी जोडले जाते, परंतु ते अक्षक्रीडेचा, म्हणजे फाशांच्या खेळाचा, पुरावा आहे, विशिष्ट पटाचा नव्हे. देवळांच्या फरशांवर आणि गडांच्या कातळावर कोरलेल्या पटांनाही हीच मर्यादा लागू पडते : बाराव्या शतकातील देवळाच्या ओट्यावर कोरलेला पट बाराव्या शतकातलाच असेल असे नाही, कारण सावलीची जागा आणि रिकामा वेळ असलेल्या कोणीही तो नंतर केव्हाही कोरलेला असू शकतो.

दानाची साधने : कवडी हे जुने साधन असले तरी देशावर चिंचोका अधिक वापरात आहे. चिंचोक्याची एक बाजू खरबरीत दगडावर घासून पांढरी करतात. घासताना तो चांगलाच तापतो आणि मुले तो शेजारच्याच्या दंडाला टेकवतात, हा प्रकार खेळाइतकाच जुना असावा. घासलेली बाजू सपाट आणि दुसरी फुगीर राहत असल्याने दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असे नाही. घरी संच तयार करताना प्रत्येक चिंचोका १०० वेळा टाकून पांढरी बाजू किती वेळा येते हे मोजावे. ४० ते ६० च्या दरम्यान आकडा आल्यास तो चालण्याजोगा आहे, त्याबाहेर गेल्यास आणखी घासावा किंवा बदलावा.

ही तपासणी क्षुल्लक नाही. चारही चिंचोके समतोल धरल्यास शक्य त्या १६ पडण्यांपैकी एक हे दान ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा, चार १ वेळा आणि आठ १ वेळा येते. सरासरी दान २·५ घरांचे होते आणि पुन्हा टाकण्याचा हक्क धरून एका पाळीची सरासरी सुमारे २·८६ घरे पडते. कवड्यांच्या बाबतीत मात्र मोजायची बाजू वर पडण्याची शक्यता समजा ४० टक्केच असेल, तर आठ हे दान सुमारे ६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर जाते आणि चार अडीच टक्क्यांवर उतरते. म्हणजे मानाच्या दोन दानांपैकी एक दुसऱ्याच्या पाचपट वेळा पडू लागते. वरकरणी तोच असलेला खेळ अशा संचावर बराच वेगवान आणि बेभरवशाचा होतो.

जाणते खेळाडू सोंगटी कोठे ठेवतात हेही याच कोष्टकातून कळते. एक, दोन, तीन, चार आणि आठ एवढीच दाने असल्याने पाठलाग करणाऱ्या सोंगटीच्या पुढे पाच, सहा किंवा सात घरांवर असलेली सोंगटी एका दानात मारली जात नाही. आधी मानाचे दान पडून पुन्हा टाकायला मिळाले तरच ती सापडते. याउलट दोन घरांचे अंतर सर्वांत घातक, कारण दर १६ दानांत ६ वेळा ते पडते.

घरी पट करणे आणि नियम बदलणे : टिकाऊ पट करायचा असल्यास ३० सेंमी. चौरस जाड पुठ्ठा आणि ६ सेंमी.चे घर हे माप सोयीचे पडते, कारण फुलीच्या घरात अनेक सोंगट्या एकत्र बसतात. कागदाला घड्या घालून आठ भाग सहज पडतात, पाच पडत नाहीत. म्हणून मापपट्टी, नाहीतर जुन्या रीतीप्रमाणे चार बोटांचे माप वापरावे. सोंगट्यांसाठी चार रंगांच्या बांगड्यांचे तुकडे, बटणे किंवा खडे चालतात.

नियमांत घरोघर जो फरक आढळतो तो मुख्यतः चार ठिकाणी असतो, आणि नवा खेळ बेतणाऱ्यानेही तेथेच हात घालावा. पहिला फरक सोंगटी पटावर उतरवण्याचा. काही घरांत सोंगट्या आरंभापासून घरात मांडलेल्या असतात. काही घरांत चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, आणि मग पहिली सोंगटी बाहेर पडायला सरासरी आठ दाने लागतात. लहान मुलांना हे असह्य होते. ‘एक’ या दानालाही सोंगटी काढू दिल्यास ही वाट पाहणे सरासरी तीन दानांपेक्षा कमी होते. दुसरा फरक आत शिरण्याचा : किमान एक सोंगटी मारल्याखेरीज आतल्या रांगेत जाता येणार नाही, ही अट प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळाचा कणा आहे, कारण ती नसेल तर प्रत्येक जण आपापली सोंगटी जपत फिरतो आणि शर्यत नुसत्या दानावर उरते. तिसरा फरक लागोपाठ तीन मानाची दाने पडल्यास ती फुकट धरण्याचा. समतोल चिंचोक्यांवर हा प्रसंग ५१२ पाळ्यांत एकदा येतो, त्यामुळे त्यावरून होणाऱ्या भांडणांच्या मानाने त्याचे महत्त्व फारच थोडे आहे. चौथा फरक शेवटच्या घरात नेमक्याच दानाने जाण्याचा.

डावाची लांबी सोंगट्यांच्या संख्येने आवरता येते. चार सोंगट्यांची एकूण चाल ९६ घरांची असते, म्हणजे एकही सोंगटी मारली गेली नाही आणि एकही दान वाया गेले नाही तरी खेळाडूला सुमारे ३४ पाळ्या लागतात. दोनच सोंगट्या ठेवल्यास त्या निम्म्या होतात. सात घरांच्या पटावर सहा कवड्यांनी खेळल्यास हाच आकडा ५८ च्या आसपास जातो. नियम ठरल्यावर ते लिहून ठेवावेत आणि खेळ न शिकवता, केवळ त्या कागदावरून दुसऱ्या घरातील माणसांना खेळायला द्यावे. राहून गेलेल्या जागा तेथे लगेच उघड्या पडतात. उदाहरणार्थ, फुली नसलेल्या घरात आपल्याच दोन सोंगट्या एकत्र आल्या तर त्यांचे काय, हे बहुतेकांच्या लिहिण्यात येत नाही.

घरी रचलेल्या खेळावर हक्क कोणाचा, हा प्रश्न अलीकडे विचारला जातो. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांना १९०४ साली ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या पटखेळाचे पेटंट मिळाले होते. त्या खेळाच्या हाताने काढलेल्या प्रती घरोघर फिरल्या, प्रत्येक ठिकाणी थोड्या बदलल्या, आणि त्यांतूनच पुढे १९३५ साली बाजारात आलेला मोनॉपली हा खेळ निघाला. भारतात खेळाच्या पद्धतीला असे पेटंट मिळत नाही, कारण पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ (एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही. पटावरील चित्र आणि नियमपत्रिकेचा मजकूर यांना मात्र प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे संरक्षण असते.