न्यू गिनीच्या डोंगरातले बिननावाचे सोंडे

तांदळाचा डबा बरेच दिवस उघडला नसेल तर आत बारीक, काळपट तपकिरी किडे फिरताना दिसतात. कुणी त्यांना सोंडे म्हणतं, कुणी टोके, कुणी पोरकिडे. एखादा तळहातावर घेऊन उजेडात धरला तर तोंडापुढे आलेली इवलीशी सोंड स्पष्ट दिसते. त्या सोंडेच्या टोकाशी असलेल्या जबड्यांनी तो दाणा पोखरतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने या किड्याला १७६३ साली शास्त्रीय नाव दिलं. कोकणात माडाच्या शेंड्यात शिरून अख्खा माड आडवा करणारा सोंड्या भुंगा हा त्याचाच मोठा भाऊबंद. सोंडकिड्यांच्या साठ हजारांच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

धान्यातल्या सोंड्याला नाव इतक्या लवकर मिळालं, कारण तो माणसाच्या कोठारात शिरला. डोंगरातल्या रानात, ओल्या पाचोळ्याखाली राहणारे त्याचे नातलग मात्र शतकानुशतकं बिननावाचे राहिले. त्यांची फार दाट वस्ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटावर आहे.

या बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेली उंच डोंगररांग आहे. वरच्या भागात कायम धुकं, आणि झाडांच्या खोडांवर शेवाळाचे जाड थर. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे कीटकतज्ज्ञ लिन्सली ग्रेसिट यांनी १९६५ साली सहकाऱ्यांबरोबर तिथल्या मोठ्या सोंडकिड्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. जिम्नोफोलस नावाच्या या किड्यांच्या पाठीवर शैवाल, बुरशी, दगडफूल, अगदी शेवाळाच्या नात्यातली लिव्हरवर्ट नावाची वनस्पतीसुद्धा उगवलेली होती, आणि त्या हिरवाईत बारीक कोळीकिडे व सूत्रकृमी नांदत होते. किडा सावकाश चालतो, दीर्घकाळ जगतो आणि पाठीवरच्या खाचाखळग्यांत ही बाग सांभाळतो. डोंगरातला एक किडा म्हणजे एक छोटं रानच, हे तेव्हा पहिल्यांदा इतक्या तपशिलाने समोर आलं. डोंगरी सोंडकिड्यांच्या साऱ्या इतिहासात मला हेच पान सर्वांत सुंदर वाटतं.

जातींच्या संख्येने मात्र बाजी मारली ती ट्रिगोनॉप्टेरस या सोंडकिड्यांच्या दुसऱ्या गटाने. हे नाव फ्रेंच कीटकतज्ज्ञ आल्बेर फोव्हेल यांनी १८६२ साली दिलं. यातल्या बहुतेक जाती दोन-तीन मिलिमीटरच्या, चकचकीत काळ्या किंवा तांबूस. धक्का लागला की किडा पाय आवळून, सोंड पोटाशी दुमडून टपकन खाली पडतो आणि पाचोळ्यात एखाद्या बीसारखा दिसेनासा होतो.

हे पाय आवळणं कसं जमतं, याचं उत्तर २०११ साली मिळालं. जर्मनीतल्या कार्ल्सरुहेच्या संशोधकांनी ट्रिगोनॉप्टेरस ऑब्लाँगस या जातीच्या पायाच्या सांध्याचं क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रण केलं. बिजागरी किंवा उखळीचा सांधा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसला तो चक्क नट-बोल्ट. पायाच्या एका भागावर बाहेरून आटे, दुसऱ्याला आतून आटे. आतले आटे ३४५ अंशांचे, तर बाहेरचे ४१० अंशांचे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याहून जास्त. पाय हलतो तेव्हा तो खरोखर स्क्रूसारखा फिरतो. इतर सोंडकिडे तपासले तेव्हा त्यांच्यातही हीच रचना आढळली.

ट्रिगोनॉप्टेरसच्या किड्यांना उडता येत नाही. पाठीवरची कठीण कवचं एकमेकांत घट्ट बसलेली आणि खाली उडायचे पंखच नाहीत. त्यामुळे डोंगराच्या ज्या उंचीवर ते राहतात तिथून खाली उतरून, ऊन-पावसाचा वेगळा पट्टा ओलांडून समोरचा डोंगर गाठणं त्यांच्यासाठी जवळजवळ अशक्य. जाती उंचीच्या अरुंद पट्ट्यांत वाटल्या गेल्या आणि डोंगरागणिक वेगळ्या होत गेल्या. समुद्र मात्र त्यांनी अधूनमधून पार केलेला दिसतो. बालीतल्या जातींची वंशावळ २०१४ साली तपासली, तेव्हा वॉलेस रेषेच्या, म्हणजे बालीच्या लगेच पूर्वेकडून जाणाऱ्या, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडची प्राणिसृष्टी वेगळी करणाऱ्या रेषेच्या पलीकडून त्यांचे पूर्वज एकदा नव्हे, अनेकदा आले होते असं निघालं. वाहून आलेल्या ओंडक्यांवर बसूनच ते आले असावेत. न उडणाऱ्या किड्याला दुसरी वाट फारशी दिसत नाही.

किडे गोळा करणं तुलनेने सोपं. फांदीखाली कापड धरून ती झोडपायची, किंवा जमिनीवरचा पाचोळा चाळणीने चाळायचा. आपल्याकडे धान्य चाळून किडे काढून टाकतात, इथे किड्यांसाठीच चाळायचं. अवघड काम पुढचं. ही जात नवी आहे हे सिद्ध करायला जुन्या सगळ्या जातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्या जातींचं वर्णन झालं ते किडे, पाहावे लागतात आणि ते निरनिराळ्या देशांतल्या संग्रहालयांत विखुरलेले. बाहेरून दोन किडे हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली काढून त्याचा आकार ताडून पाहावा लागतो. मग लांबलचक वर्णन लिहायचं. या वेगाने शेकडो जाती नोंदायला एका माणसाचं आयुष्य पुरलं नसतं.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून प्राणी ओळखण्याची पद्धत मांडली. दुकानातल्या मालावर बारकोड असतो तसा हा डीएनएचा बारकोड. कार्ल्सरुहेच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी ती ट्रिगोनॉप्टेरसवर वापरली. न्यू गिनीतल्या सात भागांतून साडेसहा हजारांहून जास्त किडे जमा झाले, त्यातल्या १,००२ किड्यांचा डीएनए वाचला गेला. डोळ्यांनी वेगळ्या केलेल्या जाती होत्या २७०. नंतर दिसायला सारख्या पण निराळ्या आणखी ९ सापडल्या. पण नुसता डीएनएतला तीन टक्क्यांचा फरक हा निकष लावला तर जातींचा आकडा सुमारे वीस टक्क्यांनी फुगत होता. म्हणजे यंत्राने वेग दिला, शेवटचा निवाडा मात्र किडे पाहून पाहून तयार झालेल्या नजरेचाच राहिला. या सगळ्या कथेत हे विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्याच संग्रहातून २०१३ साली १०१ नव्या जातींचं वर्णन एका फटक्यात प्रसिद्ध झालं. वर्णनं थोडक्यात, सोबत छायाचित्रं आणि डीएनए. पण इतकी नावं आणायची कुठून? रीडेल आणि सहकाऱ्यांनी बेटाच्या पूर्व भागातल्या पापुआ न्यू गिनी या देशाचं टेलिफोन डिरेक्टरीचं पुस्तक उघडलं आणि तिथली आडनावं बऱ्याच किड्यांना दिली. युरोपातल्या आश्रयदात्यांची नावं किड्यांना देण्याच्या जुन्या रीतीपेक्षा ही रीत कितीतरी न्याय्य. ज्यांचे डोंगर, त्यांचीच नावं.

पुढच्याच वर्षी जावा, बाली आणि आसपासच्या बेटांवरच्या ९८ जातींची भर पडली. सुलावेसी बेटावरून मात्र १८८५ साली वर्णन केलेली एकच जात ठाऊक होती. २०१९ साली रीडेल आणि इंडोनेशियाचे रादेन प्रमेसा नाराकुसुमो यांनी तिथल्या १०३ नव्या जाती जाहीर केल्या. त्यात डार्विनच्या नावाचा एक किडा आहे, डीएनएची रचना उलगडणारे क्रिक आणि वॉटसन आहेत, आणि बारकोडवाले हेबर्टही आहेत. २०२१ साली नाराकुसुमो पहिले लेखक असलेल्या निबंधात मध्य सुलावेसीतल्या आणखी २८ जाती आल्या. त्यातल्या एकीचं नाव कोरोना.

इंडोनेशियातल्या जातींचे मूळ नमुने आता जावातल्या चिबिनोंगच्या संग्रहालयात ठेवले जातात. डीएनए काढतानाही अंग शाबूत राखलेला, दोन-तीन मिलिमीटरचा तो किडा त्रिकोणी कागदाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला असतो. टाचणीवर त्याच्याखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर डोंगराचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तारीख.