फिंच, ॲटिकस

अमेरिकन लेखिका हार्पर ली (१९२६–२०१६) यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) व ‘गो सेट अ वॉचमन’ (२०१५) या दोन कादंबऱ्यांतील वकील. दोन्हींचे स्थळ ॲलाबामा राज्यातील मेकॉम्ब हे काल्पनिक गाव असून ते लींच्या जन्मगावावर, मनरोव्हिलवर बेतलेले आहे. १९३० नंतरच्या मंदीत घडणाऱ्या ‘मॉकिंगबर्ड’मध्ये ॲटिकस, बलात्काराचा खोटा आळ आलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचा बचाव करतो. ‘वॉचमन’मध्ये तो ७२ वर्षांचा आहे. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला विरोध करणाऱ्या गोऱ्यांच्या नागरिक परिषदेत तो बसलेला त्याची मुलगी जीन लुईस (स्काउट) पाहते. लहानपणी वडिलांचे काम पाहायला ती भावासोबत कोर्टाच्या ज्या सज्जात बसत असे, त्याच सज्जातून तिला हे दिसते.

संहितेचा प्रश्न : ‘वॉचमन’ प्रसिद्ध होताना वृत्तपत्रांनी तिला सर्रास उत्तरभाग म्हटले. मात्र तिचे हस्तलिखित लिपिनकट या प्रकाशनसंस्थेकडे १९५७ मध्येच गेले होते. संपादिका टे होहॉफ यांच्या सांगण्यावरून लींनी त्यातील बालपणाचा भाग वाढवत नेला. दोनेक वर्षांच्या पुनर्लेखनातून ‘मॉकिंगबर्ड’ आकाराला आली. हस्तलिखित पुन्हा केव्हा हाती लागले याबद्दल एकवाक्यता नाही. लींच्या वकिलांनी २०१४ सांगितले. पुढे आलेल्या बातम्यांनी हा शोध २०११ पर्यंत मागे नेला. संहितेतील अंतर्गत पुरावा अधिक बोलका आहे. गावाच्या स्थापनेची कथा आणि अलेक्झांड्रा आत्याचे वर्णन दोन्हीकडे काही ठिकाणी शब्दशः सारखे आहे, खटला मात्र जुळत नाही. ‘वॉचमन’मधील आरोपीने लाकूड कापण्याच्या गिरणीत एक हात गमावला आहे आणि ॲटिकस त्याला निर्दोष सोडवतो. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये टॉमचा डावा हात सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे, आणि पंच त्याला दोषी ठरवतात. उत्तरभाग लिहिणाऱ्या लेखिकेने पूर्वकथेतील निकालच फिरवला असता, हे संभवत नाही. त्यामुळे ‘वॉचमन’ हा आधीचा खर्डा, हे मत ग्राह्य वाटते. तसे मानल्यास ‘ॲटिकस म्हाताऱ्या वयात बिघडला’ हा वाचकांचा अनुभव लेखनाच्या क्रमाला धरून नाही : वर्णविभाजनवादी म्हातारा आधी लिहिला गेला, न्यायप्रिय बाप नंतर.

मूळ व्यक्ती : लींचे वडील अमासा कोलमन ली हे वकील, राज्य विधिमंडळाचे सदस्य व ‘मनरो जर्नल’ या स्थानिक पत्राचे संपादक होते. इतिहासकार जोसेफ क्रेस्पिनो यांनी (२०१८) त्यांच्या अग्रलेखांच्या आधारे असे दाखवले, की झुंडशाहीचा तिटकारा आणि वर्णविभाजनाच्या व्यवस्थेवरचा विश्वास एकाच माणसात नांदत होते. टॉमच्या खटल्यामागे १९३१ चे स्कॉट्सबरो प्रकरण (ॲलाबामात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आळ) आणि मनरोव्हिल भागातील वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयावरील बलात्काराच्या आरोपाचा खटला (सु. १९३३-३४) असावा, असे मानले जाते, लेट अधिक जवळचा वाटतो.

न्यायविचार : विधिज्ञ मनरो फ्रीडमन यांनी १९९२ मध्येच आक्षेप घेतला होता, की ॲटिकस हे काम न्यायालयाच्या नेमणुकीमुळे करतो, ज्या व्यवस्थेत हा अन्याय घडतो तिच्याशी तो भांडत नाही. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये असाच सूर लावला. म्हणजे ‘वॉचमन’ येण्यापूर्वीच चिकित्सक वाचकांना ही तडजोड दिसली होती. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये ॲटिकस मुलांना सांगतो, की १९२०च्या सुमारास क्लॅन (कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची बुरखाधारी गुप्त संघटना) होती, पण ती मुख्यतः राजकीय संघटना होती. ‘वॉचमन’मध्ये तो कधीकाळी क्लॅनच्या सभेला जाऊन आल्याचे कळते, बुरख्यांमागे कोण आहे हे जाणून घेण्यासाठी तो गेला, असा खुलासा केला जातो. दोन्ही ठिकाणी कायद्यावर निष्ठा आहे, समतेवर नाही. तरीही टॉमच्या बचावातील धैर्य खोटे ठरत नाही.

कृष्णवर्णीय पात्रे : यांवरील लेखन तुलनेने तोकडे आहे, आणि कादंबऱ्यांनीही त्यांना फार बोलू दिलेले नाही. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये फिंच मुलांना वाढवणारी कॅलपर्निया ‘वॉचमन’मध्ये निवृत्त आहे. तिच्या नातवाच्या मोटारीखाली एक माणूस मेला आहे. बाहेरून नागरी हक्क संघटनेचे वकील गावात येऊ नयेत, म्हणून ॲटिकस ते प्रकरण हाती घेतो. जीन लुईस भेटायला जाते, तेव्हा कॅलपर्निया गोऱ्या पाहुण्यांसाठी राखलेल्या औपचारिक रीतीने वागते. तुम्ही आमचा द्वेष करत होता का, या प्रश्नावर ती बऱ्याच वेळाने नकारार्थी मान हलवते.