टाकळ्यावरचं खोबरं आणि ज्यूसचा ग्लास

गेल्या आठवड्यात आमच्या वहिनीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, शिजवलेली भाजी म्हणजे मेलेलं अन्न, त्यातले एन्झाइम जळून जातात, त्यापेक्षा रोज सकाळी ताज्या फळांचा ज्यूस प्या वगैरे. फॉरवर्ड येतच असतात, पण इथे पोराच्या डब्यातून भाजी गायबच झाली, सकाळी ज्यूस आणि डब्यात ब्रेड-जॅम. पाऊस सुरू झालाय, रत्नागिरीच्या बाजारात टाकळा, भारंगी या पावसाळी रानभाज्यांचे वाटे लागलेत आणि घरात पालेभाजी शिजत नाही, हे मला बघवेना म्हणून लिहितेय.

आधी एन्झाइमचं. एन्झाइम म्हणजे सजीवांमधल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनंच, जठरातलं आम्ल आणि पेप्सिन (प्रथिनं तोडणारा पाचक रस) यांच्यापुढे डाळीतली प्रथिनं तुटतात तशी तीही तुटतात. झाडाची एन्झाइम झाडाच्या कामाची, आपल्याला लागणारी आपलं शरीर स्वतः बनवतं. "जिवंत ज्यूस" हा शब्द बाटल्या खपवायला चांगला आहे, विज्ञानात त्याला अर्थ नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हिरव्या पानात गाजरासारखंच नारंगी बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, हरितद्रव्य त्याला झाकून टाकतं म्हणून दिसत नाही. यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, डोळ्यांसाठी लागतं ते. पण हे कॅरोटीन पानात सुटं पडलेलं नसतं, हरितलवकांच्या (पानाच्या पेशींतल्या हिरव्या कणांच्या) पापुद्र्यांत प्रथिनांना चिकटून बसलेलं असतं, त्याच्याभोवती पेशीची भिंत, आणि ती भिंत सेल्युलोजची, जे आपल्याला पचतच नाही. कच्चं पान चावलं तर काही पेशी फुटतात, बाकीच्या जशाच्या तशा पुढे जातात. कढईत काय होतं, तर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सैल होतं (म्हणून पाला मऊ पडतो), पापुद्रे फाटतात, प्रथिनं उलगडतात आणि कॅरोटीन मोकळं होतं.

मोकळं झालं तरी काम अर्धंच झालं, कारण ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. गाजर तेलावर परता, तेल नारंगी होतं, नुसत्या पाण्यात उकडा, पाण्याला तसा रंग येत नाही. आतडं तर सगळं पाण्याचं. मग जेवणात चरबी असेल तर पित्त येतं, ते चरबीचे बारीक थेंब करतं, आणि पचलेली चरबी अन् पित्ताचे क्षार मिळून अतिसूक्ष्म गोळे तयार होतात, त्यांना मिसेल म्हणतात, आतून तेलकट, बाहेरून पाण्याशी जमवून घेणारे. कॅरोटीन या गोळ्यात बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. तिथे एक एन्झाइम (हे मात्र आपलं स्वतःचं!) त्या ४० कार्बनच्या लांबलचक रेणूला बरोब्बर मध्ये कापतं, दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यापासून अ जीवनसत्त्व. हे सगळं होऊनसुद्धा अन्नातल्या साधारण १२ मायक्रोग्रॅम कॅरोटीनचं १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व पदरात पडतं, म्हणजे गळती केवढी बघा. चरबीच नसेल तर मिसेल नीट बनत नाहीत आणि गळती अजून वाढते.

चरबी फार लागत नाही, जेवणात ३ ते ५ ग्रॅम असली तरी पुरते. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते, म्हणजे भाजीवर वरून १५ ग्रॅम खोबरं भुरभुरवलं की ५ ग्रॅम झालीच. आपल्याकडे माठ असो, टाकळा असो, शेवग्याचा पाला असो, खोबरं घातल्याशिवाय भाजी उतरवत नाहीत. मला हे कळलं तेव्हा आजीच्या खोवणीकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले. आमरसावर तूप घेतात तिथेही हेच, फक्त आंब्याला शिजवावं लागत नाही, पिकलेल्या आंब्यात कॅरोटीन मुळातच तेलकट थेंबांत विरघळलेलं असतं.

मग ज्यूसमध्ये काहीच नाही का? आहे ना, क जीवनसत्त्व. ते उष्णतेने मोडतं आणि भाजी उकडलेलं पाणी फेकलं तर त्याबरोबर जातं, त्यामुळे इथे कच्चं फळच पुढे. १७४७ साली ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) झालेल्या खलाशांना संत्री आणि लिंबं देऊन बरं केलं ते याच्याच जोरावर. आपला काजूचा बोंडू तर क जीवनसत्त्वात संत्र्याच्या कितीतरी पुढे, आणि बागांमध्ये खाली सडून जातो, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

पण रस गाळला की चोथा जातो, साखर राहते. २०० मिली संत्र्याच्या रसात साधारण १६ ते २० ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजतात, मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो, पोट भरतं, रस दोन घोटांत संपतो.

दुधीच्या रसाचं तर वेगळंच. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं, असा रस पिऊन माणसं दगावलीत, कडू लागला तर पिऊ नका असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने स्पष्ट सांगितलंय. भाजीसाठीसुद्धा दुधी चिरताना एक फोड चाखा, कडू निघाला तर फेकून द्या, शिजवून तो कडूपणा जात नाही.

पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जायला त्याच जेवणात क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा वहिनीला म्हटलं, संत्रं दे की पोराला, पण सोलून आणि जेवणाबरोबर. काल तिने टाकळा केला, मूठभर खोबरं घालून, वर अर्धं लिंबू, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळलं.