'भाऊ, एक मिनिट'ची किंमत

यूट्यूबवर फोकस वाढवायचे व्हिडिओ पाहिले की सगळ्यांचं एकच पालुपद, दार लावून घ्या, फोन सायलेंटवर टाका, दोन तास कोणालाच भेटू नका. हे सांगणारा माणूस तालुक्याच्या ऑफिसात कधी बसलेला नसावा. बाहेर एसटीने आलेले काकाजी सातबाऱ्यासाठी उभे आहेत, त्यांना जरा "दोन तासांनी या, माझं डीप वर्क चालू आहे" म्हणून पाहा बरं. तहसील असो, पंचायत समिती असो, बँकेची ब्रँच असो नाहीतर गावातलं सेवा केंद्र, इथं लोकं येणं हेच काम आहे. म्हणून व्यत्यय टाळायचा सल्ला बाजूला ठेवू आणि व्यत्यय येणारच असं धरून मेंदूवरचं संशोधन काय म्हणते ते पाहू.

लक्ष द्यावं लागणारी दोन कामं मेंदू एकावेळी करतच नाही, तो इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला वेळ जाते. रॉजर्स आणि मॉन्सेल या दोघांनी १९९५ मध्ये हे अगदी साध्या कामावर दाखवलं, समोर एक अक्षर आणि एक अंक, कधी अक्षराबद्दल सांगायचं, कधी अंकाबद्दल. काम बदललं की पहिलं उत्तर उशिरा येते, आणि बदल होणार हे आधीच माहीत असलं, तयारीला वेळ दिला, तरी तो उशीर पूर्ण जात नाही. त्यात डोक्यात एकावेळी धरून ठेवता येणाऱ्या गोष्टीही थोड्याच, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये बऱ्याच प्रयोगांवरून आकडा काढला तो साधारण चार.

आता फेरफाराची नोंद चढवून राहिले असाल तर हिशोब करा, गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव आणि कोणता कागद पाहायचा राहिला ते. झाले की चार. आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज, "भाऊ, एक मिनिट".

एका मिनिटाचं सोडा, तीन सेकंदही पुरतात. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरिक ऑल्टमन आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात लोकांना कॉम्प्युटरवर ठरलेल्या क्रमाने स्टेप करायच्या होत्या आणि मध्येच स्क्रीनवर भलतंच काही टाइप करायला लावायचे. हा अडथळा सरासरी २.८ सेकंदांचा होता तेव्हा क्रम चुकायचं प्रमाण दुप्पट झालं, आणि ४.४ सेकंदांचा केला तर तिप्पट! चूक कोणती, तर एखादी स्टेप गाळणं नाहीतर केलेलीच पुन्हा करणं. एका खातेदाराची ओळ सुटली किंवा तोच हप्ता दोनदा चढला की आपण बाबूला झोपाळू म्हणतो, पण बऱ्याचदा त्या ओळीवर असतानाच कोणीतरी "साहेब आले का?" एवढंच विचारून गेलेलं असते. म्हणून जुने लोकं लाल पेनने प्रत्येक ओळीपुढे टिकमार्क करायचे ते मला फार शास्त्रशुद्ध वाटते, कुठवर आलो हे डोक्यात ठेवायचंच नाही, कागदावर ठेवायचं.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस नव्या कामाकडे वळला तरी मन मागच्यातच अडकलेलं राहते, चूल विझवली तरी तवा गरम राहतो तसं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर पेपर लिहिला, लोकांना शब्दकोडी सोडवायला दिली आणि मग नोकरीचे अर्ज तपासायला लावले, ज्यांची कोडी अर्धी राहिली होती त्यांच्या डोक्यात ती घोळतच राहिली आणि पुढचं काम खालावलं. आपल्याकडे तर दिवसभर सगळंच अर्धवट, घरकुलाची यादी अर्धी, पीक विम्याची तक्रार अर्धी, वरून जिल्ह्याचा फोन की "माहिती आत्ताच पाठवा", आणि सर्व्हर डाऊन झाला तर मग विचारूच नका.

पण याच लरॉय बाईंनी नंतर, २०१८ मध्ये, थेरेसा ग्लोम यांच्यासोबत यावर उपायही तपासला आणि तो इतका सोपा आहे की आधी विश्वासच बसत नाही. काम सोडायच्या आधी आपण कुठं आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे थोडक्यात लिहून काढायचं, बस. असं करणाऱ्यांचं लक्ष मागच्या कामात कमी अडकलं आणि मधात आलेलं काम त्यांनी जास्त चांगलं केलं. त्याच्या आधी २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनाही असंच काहीसं दिसलं होतं, अपुरं काम मनात टोचत राहते, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की टोचणी थांबते, काम झालेलं नसलं तरी. म्हणजे खिडकीवर कोणी आलं तर "थांबा काकाजी, एवढं लिहून घेतो" म्हणायचं आणि चिठ्ठीवर "गट ११२ झाला, पुढे वारस दाखला पाहणे" असं खरडून मग मान वर करायची. काकाजी तेवढं थांबतात. उलट त्यांना पूर्ण लक्ष मिळते, जे एरवी मिळत नाही.

बाकी सगळा दोष लोकांवर टाकू नका. कॅलिफोर्नियाच्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात लोकांच्या मागे बसून नोंदी केल्या तेव्हा जवळपास निम्मे व्यत्यय माणसाने स्वतःच आणलेले निघाले, कोणी बोलावलं नाही, फोन वाजला नाही, तरी हात व्हॉट्सॲपकडे. तालुक्याच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाहायला कोणता आदेश निघाला होता?

आवाजाचं मात्र वेगळंच आहे. उन्हाळ्यात कूलर एवढा घोंघावतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही, पण तो एकसुरी आवाज मेंदू लवकरच सोडून देतो. त्रास होते तो कळणाऱ्या बोलण्याचा, आणि त्यातही फोनवरच्या एकतर्फी बोलण्याचा. कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या २०१० च्या प्रयोगात दोन्ही बाजूंचं संभाषण कानावर पडलं तर लोकांच्या कामावर फरक पडला नाही, पण एकाच बाजूचं ऐकवलं की लक्ष उडालं, कारण समोरचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू बांधत बसतो. "हाव... नाही ना बाप्पा... मग काय म्हणे तो?" हे ऐकून ज्याचा हात कीबोर्डवर चालत राहील त्याला माझा नमस्कार. फोन आला की व्हरांड्यात जा एवढा एक नियम ऑफिसाने केला तरी खूप.

कूलरचं निघालंच आहे तर गरमीचंही सांगतो. ऑफिसातलं तापमान आणि काम यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये जो हिशोब निघाला त्यात काम सगळ्यात चांगलं साधारण २२ अंशांना होते आणि ३० अंशांना ते सुमारे ९ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, खोलीत ३० अंश मिळाले तरी नशीब. कोरड्या हवेत पाणी भराभर उडते म्हणून मे मध्ये कूलर गारवा देतो, जुलैत हवा दमट झाली की तोच नुसता पंखा होतो. म्हणून उन्हाळ्यात डोक्याचं काम सकाळीच उरकलेलं बरं. सरकारी ऑफिस पावणेदहाला उघडते आणि लांबच्या गावची गर्दी जमायला अकरा वाजतात, तो सव्वा तास पेपर आणि चहात जाते तिथं माझा जीव तुटते. दुपारी दोन-तीनला शरीराचं घड्याळच मंद होते, जेवण न करताही होते, वरण-भाताने फक्त भर पडते, तेव्हा झेरॉक्स, फायली लावणं असली कामं.

आता राहिलं "परवा या". १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, आणि सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! माणूस फक्त समोरच्या कामाकडे पाहून अंदाज बांधतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते विचारात घेत नाही. म्हणून काकाजीला तारीख देताना मनात आलेला आकडा सांगू नका, रजिस्टर उघडून तशाच मागच्या दहा प्रकरणांना खरोखर किती दिवस लागले ते पाहा आणि तेवढे सांगा. पंधरा दिवस ऐकून काकाजी थोडे नाराज होतील, पण तिकिटाचे पैसे चारदा जाणार नाहीत, आणि तुमच्या खिडकीवरची "झालं का?" विचारणारी तीन-चार माणसं रोजची कमी होतील.