मरण ही वाट की किंमत? 'विशमास्टर' आणि 'विश अपॉन'मधला फरक

उन्हाळ्याच्या रात्री नागपूरच्या फुटाळा तलावावर पोरं भुताच्या सिनेमांवर बोलायला लागली, की या दोन सिनेमांची गल्लत हमखास होते. "तोच ना बे, डब्ब्यातला जिन?" असं कोणीतरी विचारतंच. डब्बा एका सिनेमात आहे, जिन दुसऱ्यात. नावं सारखी, दोन्हीकडे कुठूनतरी हाती लागलेली जुनी वस्तू आणि दोन्हीकडे मागितलेली इच्छा अंगावर उलटते, त्यामुळे गोंधळ होणारच. पण दोघांतली भीती वेगळ्या जातीची आहे. पुढे दोन्हींचे शेवट सांगणार आहे, तेव्हा बघायचे असतील तर आधी बघून घ्या.

'विशमास्टर' १९९७चा. दिग्दर्शक रॉबर्ट कर्ट्झमन हा मूळचा मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्सवाला, आणि ते पडद्यावर कळतं. ११२७ सालच्या पर्शियात एक जादूगार जिनाला लाल ओपलमध्ये कोंडतो आणि तो खडा आजच्या अमेरिकेत येऊन पोचतो. 'विश अपॉन' २०१७चा, 'अ‍ॅनाबेल' करणाऱ्या जॉन लिओनेटीचा. यात शाळकरी क्लेअरला तिचे वडील कचऱ्यात सापडलेली चिनी म्युझिक बॉक्स आणून देतात. जिनाला जागं करणाऱ्याला तीन इच्छा, पेटीच्या मालकाला सात.

खरा फरक पैशांच्या इच्छेत दिसतो, कारण ती दोन्ही सिनेमांत आहे.

'विशमास्टर'मध्ये एक माणूस दहा लाख डॉलर मागतो. पुढच्याच दृश्यात त्याची आई विमान प्रवासाआधी विम्याच्या कागदावर सही करते आणि ते विमान हवेतच फुटतं. पैसे मिळाले. आईचं मरण हीच ते पैसे येण्याची वाट. जिन शब्दाला पक्का राहतो, फक्त शब्दांतली फट शोधतो. कपड्यांच्या दुकानातली एक मुलगी कायम सुंदर राहायचं म्हणते, तर तो तिचा दुकानातला पुतळा करून टाकतो. पुतळ्याला म्हातारपण कुठलं?

'विश अपॉन'मध्ये क्लेअर मेलेल्या काकाची सगळी इस्टेट आपल्याला मिळावी असं मागते. ती सरळ मिळते, त्यात कुठलीच फसवणूक नाही. मग पेटी आपोआप उघडते, धून वाजायला लागते आणि तिकडे तिच्यावर माया करणाऱ्या शेजारच्या बाईंची वेणी सिंकमधल्या कचरा दळणाऱ्या यंत्रात अडकते. या मरणाचा इस्टेटीशी काडीचाही संबंध नाही. ती नुसती किंमत आहे, आणि ती मागणाऱ्याकडून न घेता भलत्याकडूनच वसूल केली जाते.

हीच कसोटी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या १९०२च्या 'माकडाचा पंजा' या गोष्टीला लावून बघा. बरेच जण तिला 'विश अपॉन'ची आजी मानतात. त्या गोष्टीत बाप दोनशे पौंड मागतो आणि कारखान्याच्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून नेमके तेवढेच पैसे घरी येतात. म्हणजे मरण इथेही वाटच आहे, किंमत नाही. माझ्या मते ही गोष्ट जिनाच्या घराण्यातली.

आपल्याकडची हिरण्यकशिपूची कथा याच घराण्यात, फक्त उलट्या बाजूने. तिथे मागणाराच हुशारीने शब्द बांधतो, दिवसा नको, रात्री नको, माणूस नको, जनावर नको, आणि देव त्यातली फट शोधून नरसिंह होऊन येतो.

नवस मात्र दोन्हींत बसत नाही. टेकडीच्या गणपतीला "पोरीचा नंबर लागू दे, एकवीस नारळांचं तोरण वाहीन" असं म्हणणारी आई किंमत आधी बोलते, स्वतःच्या तोंडाने बोलते आणि स्वतःच फेडते. पेटीची किंमत कळते ती कोणीतरी मेल्यावर. म्हणून 'विश अपॉन' आपल्याकडच्या माणसाला जास्त लागायला हवा असं मला वाटतं. किंमत माहीत झाल्यावरही क्लेअर पेटी सोडत नाही, मागतच राहते. सगळं मरण तिच्या घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या वाट्याला येतं आणि ती पेटी उराशी धरून बसते. तिथे भूत नाही, मुखवटा नाही, तरी मला सगळ्यात भीती त्याच ठिकाणी वाटली. सिनेमा म्हणून तो कमी पडतो, मरणाचे प्रसंग ताणलेले आहेत, पण ही एक गोष्ट त्याने नेमकी पकडली आहे.

शेवटही या फरकातूनच आले आहेत. जिनाला हरवता येतं, कारण तोही शब्दाने बांधलेला आहे. नायिका अलेक्झांड्रा तिसरी इच्छा मागताना स्वतःसाठी काहीच मागत नाही. खडा लपलेली जुनी मूर्ती ज्याच्या हातून पडली, तो क्रेनवाला त्या दिवशी कामावर प्यायलेला नसावा, एवढंच. मग क्रेनवरची मूर्ती पडत नाही, खडा बाहेर येत नाही आणि जिन जागा होत नाही. पेटीसमोर ही युक्ती चालत नाही. क्लेअरही सातव्या इच्छेत काळ मागे नेते, सगळे मेलेले परत येतात, पण ही इच्छासुद्धा हिशोबात धरलेली असते आणि ती गाडीखाली जाते. शब्द कितीही जपून मांडले तरी फरक पडत नाही, कारण पेटीने शब्द कधी फिरवलेच नव्हते.

दोन्हींतला एकच बघायचा असेल तर 'विशमास्टर' बघा, पण लहान पोरं झोपल्यावर. सुरुवातीच्या पर्शियातल्या दरबारातच इतकं रक्त आहे, की जेवताना तो लावू नये. शाळकरी मुलांसोबत बसायचं असेल तर 'विश अपॉन' त्या मानाने सौम्य आहे.