प्रवाळ मत्स्यालय, धूर आणि घरातील हवा

प्रवाळ मत्स्यालय, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलण्यातला रीफ टँक, हे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असून त्यात माशांबरोबर जिवंत प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि कोळंबीवर्गीय प्राणी सांभाळले जातात. वणव्याचा किंवा शेतातील जाळाचा धूर या पाण्यावर दोन वाटांनी परिणाम करतो. राख व वायू थेट पाण्यात मिसळणे ही एक वाट आणि धूर आत येऊ नये म्हणून बंद केलेल्या घरात कार्बन डायऑक्साइड साचणे ही दुसरी. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक घरांत पाणी बिघडते ते तिच्यामुळेच.

या मत्स्यालयातील प्रोटीन स्किमर हे उपकरण हवा खेचून तिचे अतिसूक्ष्म बुडबुडे पाण्यात घुसळते आणि फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढते. त्यामुळे खोलीतील हवा रात्रंदिवस पाण्यातून जात राहते. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 420 हून थोडे अधिक भाग असतात. दारे-खिडक्या लावलेल्या, माणसे झोपलेल्या खोलीत हे प्रमाण 1000 च्या पुढे सहज जाते. हा वायू पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल बनते आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो. हवेतील प्रमाण दुप्पट झाले की सामू साधारण 0.3 ने खाली येतो. प्रवाळ मत्स्यालयात तो 7.8 ते 8.4 यांदरम्यान राखतात. खालच्या टोकाला प्रवाळ लगेच मरत नाहीत. मात्र त्यांचा सांगाडा ज्या ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा बनतो, ते साठवणे त्यांना जड जाते आणि वाढ मंदावते. रात्री दिवे मालवल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते, म्हणून पहाटेचा सामू दिवसातील सर्वांत कमी असतो, आणि घरही नेमके त्याच वेळी बंद असते.

बंद खोलीत माशांना ऑक्सिजन कमी पडतो, हा समज मात्र चुकीचा आहे. कार्बन डायऑक्साइड 2000 भागांवर गेला तरी हवेतील ऑक्सिजन टक्क्याच्या अंशानेच घटतो. दुसरी चूक अधिक महागात पडते. सामू उतरलेला पाहून पाण्यात सोडा किंवा बफर, म्हणजे सामू स्थिर राखणारे क्षार, घातले जातात. त्याने क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, वाढत राहते, पण हवा तीच असल्याने सामू पुन्हा खाली येतो, आणि क्षारतेच्या अशा हेलकाव्यांनी प्रवाळ खचतात.

कोल्हापूर परिसरात हा प्रश्न साखर हंगामात आणि उन्हाळ्यात विशेष जाणवावा असा आहे. तोडणी झालेल्या फडातील पाचट पेटवले की काळी राख गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडते. गुऱ्हाळे व वीटभट्ट्या यांचा धूर वेगळाच. पुढे उन्हाळ्यात पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडील वाळलेल्या गवताला वणवे लागतात. नवे गवत चांगले येईल या समजुतीने काही आगी मुद्दामही लावल्या जातात. उन्हाळ्यात मत्स्यालयाचे पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवण्यासाठी खोली बंद करून एसी लावला जातो, आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो.

थेट धुराचे परिणाम कमी अभ्यासले गेले आहेत, पण राखेतून फॉस्फरस व लोह येते आणि त्यावर शेवाळ पोसते, हे निसर्गात मोठ्या प्रमाणावर दिसले आहे. 1997 साली इंडोनेशियात भीषण वणवे लागले असताना सुमात्राच्या पश्चिमेकडील मेंतावाई बेटांलगतचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. धुरातून आलेल्या लोहामुळे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, बेसुमार वाढून प्रवाळांचा श्वास कोंडला, असे स्पष्टीकरण 2003 साली मांडले गेले. बंदिस्त पेटीत पाणी मोजकेच असते आणि समुद्रासारखा प्रवाह नसतो, म्हणून तेथे थोडी राखही दुर्लक्षू नये.

सामू उतरण्याचे कारण खोलीतील हवा आहे का, हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. हवा स्वच्छ असलेल्या दिवशी पेलाभर पाणी गच्चीवर नेऊन तासभर छोट्या पंपाने त्यात हवा सोडावी. सामू वाढला तर दोष खोलीतील हवेचा. यावरचा रूढ उपाय म्हणजे स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढणे. शेताकडेच्या घरात हाच उपाय धुराच्या दिवशी घातक ठरतो, कारण तो धूर थेट पाण्यात घुसळतो. अशा दिवशी नळी आत घ्यावी आणि तिला सोडालाइम, म्हणजे चुना व सोड्याचे दाणे, भरलेला डबा जोडावा. सोडालाइम कार्बन डायऑक्साइड शोषते आणि संपत आले की सहसा रंग बदलते. खोलीतील हेपा शुद्धक, म्हणजे दाट गाळणीचे हवा शुद्ध करणारे यंत्र, धूलिकण अडवतो, वायू नाही. पाण्यातील सक्रियित कोळसा विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये धरतो, पण कार्बन डायऑक्साइडवर त्याचा उपयोग नाही.

घरातल्या घरात होणारा धूरही यात मोजावा लागतो. गॅसची शेगडी कार्बन डायऑक्साइड सोडते. फोडणीतील तेलाचे सूक्ष्म थेंब स्किमरचा फेस बसवतात. सर्वांत धोक्याचे म्हणजे डासांची कॉइल, द्रवयंत्र आणि गल्लीत होणारी धूरफवारणी, कारण त्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड कीटकनाशके कोळंबी, खेकडे व मासे यांना अत्यल्प मात्रेतही विषारी असतात. फवारणीची गाडी येण्याआधी खिडक्या लावून बाहेरची नळी काढून घ्यावी आणि वास पूर्ण गेल्यावरच ती पुन्हा जोडावी.